तुम्ही विचारलंत : मोह आला की पहिली दहा मिनिटं

जय ख्रिस्त. लेंतकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, आला की ह्या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी लग्न, नोकरी, सासू-सून, चर्चच्या कमिटीतली भांडणं असले विषय असतात, पण लेंतचा पहिला दिवस, भस्म बुधवार, झाला की लोक एकदम आतलं लिहायला लागतात. ह्या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं मोहाबद्दल आलीत, कुणी चार पानं लिहिलीत तर कुणी रात्री दीड वाजता व्हॉट्सॲपवर दोनच ओळी टाकल्यात. सगळी वाचली, काही वाचून झाल्यावर गुडघे टेकले, आणि त्यातली सहा इथे घेतोय. नावं छापत नाही, ज्यांची आहेत त्यांना बरोबर कळेल.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, पुण्यात आयटीत जॉब करतो, रूमवर एकटाच असतो. रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतो. पण रात्री अकरानंतर मोबाईलवर नको ते व्हिडिओ बघतो. दर वेळी रडून प्रार्थना करतो, सगळं डिलीट करतो, आठ-दहा दिवस बरे जातात आणि परत तेच. आता प्रभुभोजन (मेजाजवळची भाकरी आणि द्राक्षारस) घ्यायची पण लाज वाटते, दोन महिने घेतलं नाही, गिटार वाजवत बसतो त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मोह येतो म्हणजे मी पडलोच ना? मी खरा विश्वासू आहे का?

उत्तर : बाळा, आधी तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांचं सांगतो, कारण तू तिथेच अडकलायस. मोह येणं म्हणजे पडणं नाही. इब्री लोकांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात प्रभूबद्दल लिहिलंय की तो 'सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखलेला होता, तरी निष्पाप राहिला'. सर्व प्रकारे म्हणजे सर्व प्रकारे. मोह येणं हेच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. आणि जो माणूस दर वेळी रडतो, दोन महिने मेजाजवळ जायला ज्याचे पाय अडतात, त्याच्यात आत्मा काम करत नाही असं मी कसं म्हणू? ज्याला काहीच वाटत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

आता हे घडतं कसं ते बघ. याकोबाच्या पत्रात १ ल्या अध्यायात म्हटलंय की प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो. हा जो 'भुलवला जातो' शब्द आहे ना, तो मूळ ग्रीकमध्ये आमिष लावून धरण्याचा शब्द आहे, मासे धरणाऱ्यांचा. माझं लहानपण प्रवरेच्या काठी गेलंय, शाळा सुटली की आम्ही पोरं बांबूची काठी, दोरा आणि गळ घेऊन डोहावर जायचो, गळाला गांडूळ आणि वर तरंगायला ज्वारीच्या चिपाडाचा बोटभर तुकडा. मासा काय थेट येऊन गिळत नाही. आधी नुसतं तोंड लावून बघतो, वरचं चिपाड जरासं हलतं आणि थांबतं. परत हलतं, परत थांबतं. मोठी पोरं आम्हाला दटावायची, ओढू नको, अजून घेतलं नाही त्याने, आत्ता ओढशील तर जाईल. आणि खरंच ह्या पहिल्या-दुसऱ्या टोचणीला मासा सुटून जाऊ शकायचा, पुष्कळ वेळा जायचाही. पण एकदा का चिपाड डुबुक करून खाली गेलं की मग त्याने कितीही ताकद लावली तरी गळ अजून खोलच रुतायचा.

तू तुझी सगळी ताकद लावतोयस ती चिपाड बुडाल्यावर. रात्री पावणेबाराला, फोन हातात, खोलीत अंधार, आणि मग तू देवाला म्हणतोस की मला आता वाचव. तो तेव्हाही ऐकतो, मी नाही म्हणत नाही. पण चिपाड पहिल्यांदा हललं कधी? बहुतेक साडेदहालाच, जेवण झाल्यावर तू 'जरा दहा मिनिटं रील्स बघतो' म्हणून आडवा झालास तेव्हा. सुटका तिथे स्वस्त असते, पुढे पुढे महाग होत जाते. योसेफाचं बघ ना, उत्पत्ती ३९. आपण सगळे तो झगा टाकून पळाला तेच सांगतो, संडे स्कूलच्या चित्रातही तेच असतं, पण त्याच्या आधीची ओळ वाचलीस का? त्याच्या धन्याची बायको रोज रोज त्याच्या मागे लागायची आणि तो नुसता नाही म्हणायचा एवढंच नव्हे, तिच्याजवळ थांबायचंही टाळायचा. म्हणजे पळायचा तो दिवस यायच्या किती तरी आधीपासून त्याचं लांब राहणं चालू होतं. आणि वेळ आली तेव्हा वाद घातला नाही, वचनं ऐकवत बसला नाही, उठला आणि बाहेर गेला. तू पण तेच कर. घरी चार रुपयांचं घड्याळ नसेल तर गजराचं एक घेऊन ये, फोन रात्री दहाला किचनमध्ये चार्जिंगला लाव आणि खोलीत घेऊनच येऊ नकोस. मन चळवळायला लागलं की चप्पल घाल आणि खाली जा, वॉचमनशी बोल, एक चक्कर मार. ही जी लाट असते ना ती कायम टिकत नाही, चढते आणि उतरते, पण अंथरुणात पडून तिच्याशी कुस्ती खेळायची नसते. पहिली दहा मिनिटं तुझी आहेत, ती फुकट घालवू नकोस.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे : कुणाला तरी सांग. एका माणसाला, नाव घेऊन, तोंडाने. आपण प्रोटेस्टंट घरातले, पापकबुली देवापाशीच करतो, ते बरोबरच आहे, पण याकोब ५:१६ पण आपल्याच बायबलात आहे, 'आपली पातके एकमेकांजवळ कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करा'. इग्नेशिअस लोयोला हा स्पेनचा शिपाईगडी होता, १५२१ च्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं आयुष्य बदललं, पुढे त्यानेच जेझुइट संघ काढला. त्याने मोहाबद्दल लिहून ठेवलंय ते मला फार पटतं. तो म्हणतो, सैतान हा चोरून प्रेम करणाऱ्या लबाड माणसासारखा असतो, दुसऱ्याच्या पोरीला नादी लावतो आणि तिला सारखं सांगतो की घरी काही बोलू नकोस हं. कारण ती बापापाशी बोलली की त्याचा खेळ खलास, हे त्याला पक्कं माहीत असतं. तुझी गोष्ट आत्तापर्यंत तीनच जणांना माहीत होती, तू, प्रभू आणि तो लबाड. आता मला कळली म्हणजे सुरुवात झाली, पण मी लांबचा, कागदावरचा माणूस. तुझ्या मंडळीतला एखादा वयाने मोठा, तोंडाचा घट्ट, स्वतः चटके खाल्लेला भाऊ शोध, आणि त्याला सांग की आठवड्यातून दोनदा मला फोन करून सरळ विचारा.

आणि प्रभुभोजन. १ करिंथ ११ मधली वाक्यं वाचून तू मागे बसलास हे कळतंय मला, अयोग्य प्रकारे घेऊ नये वगैरे. पण २८ वं वचन नीट वाच. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असं आहे ते. परीक्षा करावी आणि मग खावे. परीक्षा करावी आणि गिटार घेऊन कोपऱ्यात बसावं असं नाही. पुढच्या महिन्यात गिटार दुसऱ्याकडे दे आणि मेजाजवळ ये.

प्रश्न : आम्ही रोज प्रभूची प्रार्थना म्हणतो, 'आम्हांस परीक्षेत आणू नको'. माझा नववीतला नातू विचारतो, आजोबा, देव मुद्दाम परीक्षेत आणतो का मग? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : नातवाला शाबासकी द्या, मोठ्या मोठ्यांना हा प्रश्न पडलाय. पोप फ्रान्सिस २०१७ मध्ये इटलीच्या टीव्हीवर म्हणाले होते की हे भाषांतर चांगलं नाही, बाप असं करत नाही, बाप पडलेल्या पोराला उठायला मदत करतो. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कॅथलिकांनी आपल्या प्रार्थनेतले शब्द बदलले आणि २०२० पासून इटलीत पण बदलले, आता तिथे 'आम्हांला मोहाच्या हवाली करू नको' अशा अर्थाचं म्हणतात.

गंमत अशी आहे की ग्रीकमध्ये 'पैरास्मोस' हा एकच शब्द आहे आणि मराठीत त्याचे दोन होतात, परीक्षा आणि मोह. एकाच प्रसंगाला दोन टोकं असतात ना. सोनार सोनं कसोटीवर घासतो ते खरं ठरावं म्हणून, आणि चोर तेच सोनं हातात घेऊन बघतो ते लांबवावं म्हणून, वस्तू एकच, हेतू दोन. याकोब १:१३ मध्ये स्पष्टच आहे की देव कुणाला मोहात घालत नाही. पण मत्तय ४ मध्ये हे पण आहे की आत्म्यानेच येशूला अरण्यात नेलं. म्हणजे तिथवर नेणारा देव होता, भुलवणारा दुसराच होता. नातवाला एवढं सांगा की ही प्रार्थना म्हणजे लहान पोराने गर्दीच्या रस्त्यावर बापाचा हात धरून 'मला सोडू नका हं' म्हणण्यासारखी आहे. बाप सोडणार आहे म्हणून पोरगं तसं म्हणत नाही, आपला स्वतःचा भरवसा नाही हे त्याला कळलंय म्हणून म्हणतं.

प्रश्न : मी एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. मी आजपर्यंत कुणाकडे एक रुपया मागितलेला नाही. पण आमच्याकडे शुक्रवारी सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये पाकीट येतं, टेबलाप्रमाणे वाटा ठरलेला असतो. नाही घेतलं तर बाकीचे माझ्याकडे संशयाने बघतात, बदलीची भीती असते. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी आहे, मिस्टरांचं काम सुटलंय. त्या पैशांतला दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, मी न चुकता चर्चमध्ये देते. तरी मन खातं. काय करू?

उत्तर : ताई, मन खातं हे किती चांगलं आहे. ते गप्प बसवू नका.

ह्याचं उत्तर मी उंचावर बसून देऊ शकत नाही, म्हणून आधी माझं सांगतो. १९८८ ची गोष्ट. मी नवा पाळक, छोटी मंडळी, पगार दोन-दोन महिने यायचा नाही, आणि घरात आठ महिन्यांचा मुलगा. रविवारचं अर्पण मोजून वहीत लिहायचं आणि खजिनदार मंगळवारी तालुक्याला बँकेत भरायला न्यायचे, तोपर्यंत पैसे एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात माझ्या घरी, कपाटावर. एका रविवारी रात्री मुलाला ताप भरला. डॉक्टरचे पैसे नव्हते. मी डबा खाली काढला, उघडला, बंद केला, वर ठेवला. परत काढला. तिसऱ्या वेळी त्यातले ८० रुपये घेतले आणि वहीतला आकडा बदलला, मनात म्हटलं हातउसने घेतोय, पगार झाला की टाकू. आणि खरंच टाकले, पैसा न् पैसा. कुणाला कळलं नाही. पण पुढच्या महिन्यात डबा उघडताना हात थांबला नाही, तेव्हा तापबीप काही नव्हतं, किराणा संपला होता. तिसऱ्या महिन्यात मी प्रवचनाची तयारी करत बसलो होतो आणि माझं लक्ष सारखं कपाटावर जात होतं. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी सायकल काढली आणि खजिनदारांच्या मळ्यात गेलो, ते बैलांना वैरण टाकत होते, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, डबा आजपासून माझ्याकडे राहील. आणि संध्याकाळी त्यांचा पोरगा अर्धं पोतं ज्वारी माझ्या दारात ठेवून गेला.

त्या ज्वारीच्या भाकरी आम्ही रडत खाल्ल्या. मी आयुष्यात खूप प्रवचनं ऐकलीत पण कृपा म्हणजे काय ते मला त्या पोत्याने शिकवलं.

आता तुमचं. 'मी मागत नाही' हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, म्हणजे तुमचा टेकू तोच आहे. तो काढून टाका, तो पोकळ आहे. कायद्याने तर आहेच, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात न मागता नुसतं स्वीकारलं तरी तो गुन्हाच धरतात आणि आता शिक्षा तीन ते सात वर्षं आहे. पण कायदा बाजूला ठेवा. त्या पाकिटात जे पैसे येतात ते कुणाच्या तरी हक्काच्या कागदासाठी त्याने दिलेले असतात, कुणी विधवा बाई असेल, कुणी सात-बाऱ्यासाठी चार हेलपाटे घातलेला शेतकरी असेल. निर्गम २३:८ मध्ये म्हटलंय की लाच डोळसांना आंधळं करते. तुम्हाला तो माणूस दिसू नये म्हणूनच तर पैसे पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये येतात. आणि त्यातला दशांश, ताई, माफ करा पण तो देवाला नको आहे. तो देणं आधी बंद करा. जक्कय नावाच्या जकातदाराने काय केलं बघा, लूक १९. त्याने प्रभूला वाटा देऊ केला नाही, ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना नोकऱ्या सोडा असं सांगितलं नाही, लूक ३ वाचा. ठरवून दिलंय त्याच्यापेक्षा जास्त घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी रहा, एवढंच. म्हणजे त्याच खुर्चीवर, त्याच ऑफिसात राहून हे करता येतं असं वचन म्हणतंय. येत्या शुक्रवारी पाकीट येईल. ते ड्रॉवरमध्ये पडायच्या आधी, गुरुवारीच, जो वाटतो त्याला एकट्याला गाठून शांतपणे सांगा की माझ्या नावाचं आजपासून काढू नका, मी कुणाची तक्रार करत नाहीये, पण मला नको. शुक्रवारी पाकीट हातात आल्यावर हे जमणार नाही, फी डोळ्यांसमोर येईल. आणि गुरुवारी जायच्या आधी मिस्टरांना सांगून जा, घरात दोघांचा निर्णय असू दे.

त्याची किंमत मोजावी लागणार नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. योसेफ पळाला तो थेट तुरुंगात गेला, बक्षीस लगेच मिळालं नव्हतं. बदली होऊ शकते. फीचा प्रश्न मात्र खराखुरा आहे आणि तो तुमच्या एकटीचा नाही. कॉलेजला हप्ते मागा, मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जा, आणि पाळकांना मोकळेपणाने सांगा की घरात कमाई बंद आहे. हे वाचणाऱ्या पंचांना आणि महिला मंडळांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तुमच्या शेजारच्या बाकावर अशी एखादी ताई बसलेली असेल. तिला सचोटीवर प्रवचन देण्याआधी अर्धं पोतं ज्वारी कुठून येईल ते बघा.

प्रश्न : लेंतमध्ये मी मटण सोडते पण चहा सुटत नाही, ह्याला पाप म्हणायचं का?

उत्तर : नाही. चहा प्या. यशया ५८ वाचा आणि मटणाचे वाचलेले पैसे कुणाच्या तरी पोटात जाऊ द्या.

प्रश्न : माझं वय ७४. वाटलं होतं म्हातारपणी तरी मन शांत होईल. पण जाऊबाईंची मुलं अमेरिकेत, त्यांचे फोटो ग्रुपवर आले की माझ्या पोटात कालवतं. आमचा मुलगा इथेच, जेमतेम. तोंडाने 'गॉड ब्लेस' टाकते आणि मनात जळते. इतकी वर्षं प्रार्थना करून काय उपयोग झाला?

उत्तर : मावशी, इजिप्तच्या अरण्यात अँथनी नावाचे साधू होऊन गेले, तिसऱ्या-चौथ्या शतकातले, आयुष्यभर प्रार्थनेत राहिलेले. त्यांचं एक वचन जपून ठेवलेलं आहे की माणसाने शेवटच्या श्वासापर्यंत मोहाची अपेक्षा धरावी. अरण्यात तर ना जाऊ होती ना ग्रुप होता. लूक ४ मध्ये पण असंच आहे, सैतान प्रभूला सोडून गेला तो कायमचा नाही, संधी मिळेपर्यंत. तेव्हा ७४ व्या वर्षी मोह आला म्हणून आधीची प्रार्थना वाया गेली असं समजू नका. उलट प्रार्थनेनेच नजर एवढी स्वच्छ झालीय की 'गॉड ब्लेस' आणि जळणं ह्यातलं अंतर तुम्हाला दिसतं, पुष्कळांना ते मरेपर्यंत दिसत नाही.

एक करून बघा. फोटो आला की लगेच टाईप करू नका. फोन खाली ठेवा, आणि त्या पोरांचं एकेकाचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करा, तिकडे त्यांना काय जड जात असेल ते आठवून, थंडी, एकटेपणा, आईच्या हातचं न मिळणं. पहिल्या दिवशी शब्द घशातच अडकतील. तरी म्हणा. आणि मग तुमच्या मुलाला हाक मारा, तो इथेच आहे ना, हाकेच्या अंतरावर, त्याच्याबरोबर चहा घ्या. जाऊबाईंच्या घरी चहाचा दुसरा कप कुणासाठी ठेवतात हो?

प्रश्न : मी ५३ वर्षांचा आहे. २० वर्षं प्यायलो, खूप वाटोळं केलं. सात महिने झाले, देवाच्या कृपेने थेंब घेतलेला नाही. चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून दारू सुटल्याची साक्ष पण दिली. पुढच्या महिन्यात मुलीचा साखरपुडा आहे. भावकीतले आत्तापासून म्हणतायत, आज तरी एक पेग, पोरीसाठी. मला वाटतं एक घेतला तर काय होईल. घरच्यांना वाटतं आता हा सुटला. मला माहितीय की मी सुटलेलो नाही.

उत्तर : भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ज्याला हे माहितीय त्याच्यासाठी आशा आहे.

दारूच्या बाबतीत मी नुसतं 'प्रार्थना करा' असं कधीच सांगत नाही, आणि जे सांगतात त्यांच्यामुळे काही घरं बुडालेली मी बघितलीत. हा मोह आहे तसा आजार पण आहे, आणि आजाराला डॉक्टर लागतो. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथून किती जण उभे राहिले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस तर १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून सुरू केलं, एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, आणि त्यांना सापडलेलं गुपित तेच होतं जे याकोबाने लिहिलंय, एकट्याने सुटत नाही, एकमेकांजवळ बोलून सुटतं. तुम्ही त्यांच्या मीटिंगला जाता की नाही ते लिहिलं नाहीत. जात नसाल तर ह्याच आठवड्यात जवळचा ग्रुप शोधा. साक्ष दिली हे चांगलं केलंत, पण साक्षीनंतर लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, मीटिंगमधला माणूस रात्री बाराला फोन उचलतो. तिथले लोक चार गोष्टी सांभाळायला सांगतात : पोटात भूक, डोक्यात राग, एकटेपणा आणि थकवा. प्रभूकडे सैतान आला तोही ४० दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर आला, हे मत्तयने मुद्दाम लिहिलंय.

आता साखरपुड्याच्या संध्याकाळचं ठरवू. 'एक घेतला तर काय होईल' ह्या प्रश्नाला उत्तर देत बसू नका, मनात सुद्धा नाही, हव्वेचं बोलणं सापाशी लांबलं तिथेच काम झालं. त्याऐवजी तयारी करा. आजच मुलीला जवळ बसवून सांगा की बाळ, त्या दिवशी मला भीती वाटतेय. तिला धक्का बसेल पण ती तुमची सगळ्यात मोठी राखण होईल, जी भावकी 'पोरीसाठी' म्हणतेय तिच्यासमोर पोरगीच उभी राहू दे. भावकीत जो सगळ्यात जास्त आग्रह करणारा असेल त्याला आठ दिवस आधी स्वतः फोन करा, चारचौघांत नाही म्हणण्यापेक्षा फोनवर सोपं जातं. हॉलच्या मागे, गाड्या लावतात तिकडे बाटल्या उघडतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तिकडे जायचंच नाही, काही आणायला सुद्धा नाही, दुसऱ्याला पाठवा. दुपारी व्यवस्थित जेवा, उपाशी राहू नका. हातात पहिल्यापासून शेवटपर्यंत सरबताचा ग्लास भरलेला असू दे, रिकामा हात दिसला की लोक काहीतरी देतात. आणि मीटिंगमधला किंवा मंडळीतला एक माणूस पाहुणा म्हणून बोलवा, त्याचं काम फक्त तुमच्या आसपास राहणं. अंगठ्या झाल्या, जेवणं झाली की नऊला तुम्ही आणि तुमची मिसेस घरी निघा, पाहुण्यांची पाठवणी धाकट्या भावावर सोपवा. कुणी नावं ठेवली तर ठेवू दे.

१ करिंथ १०:१३ मध्ये जो 'निभावण्याचा उपाय' म्हटलाय, तो पुष्कळदा असाच असतो, सरबताचा ग्लास, एक फोन, नऊ वाजताची रिक्षा. अजून एक, आपल्याकडे बहुतेक मंडळ्यांत प्रभुभोजनाला द्राक्षाचा रसच देतात, पण लग्नाबिग्नाच्या निमित्ताने दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गेलात आणि तिथे वाईन असेल तर आधीच पाळकांना सांगा, कुणी शहाणा पाळक वाईट वाटून घेणार नाही.

साखरपुड्याची तारीख तुम्ही पत्रात लिहिलीय, ती मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. त्या दिवशी संध्याकाळी सहापासून मी आणि घरची, आम्ही दोघं तुमच्यासाठी प्रार्थनेत बसू. साडेनऊला घरी पोचलात की मेसेज टाका, आम्ही जागे असू.